राखाडी ड्रेसची वजावट

आणि वर मलाच विचारतात हो, "सिस्टर, हे बाहेर घालता येतं का?"... अहो, काय विचारता काय! कपडा आहे, घालायला काय जातंय? खिडकीचा पडदासुद्धा गुंडाळून बाहेर जाता येईल, पण जायचं का? सरका जरा, बसते. सकाळपासून तीनदा जिना चढले-उतरले, गुडघे बोलायला लागलेत. तुमचं काय, नोटीस? असू दे, सांगू नका, इथे बाकावर सगळ्यांचे चेहरे सारखेच... रिपोर्टची वाट बघणाऱ्या नातेवाइकांचे. मी ते चेहरे लांबून ओळखते, माझं कामच ते.

म्हणजे मी नर्स. पण हॉस्पिटलची नाही हं, स्वतःची. स्वतंत्र व्यवसाय! फॉर्मवर तसंच लिहायचं असतं, वाचायला किती छान वाटतं, जणू काही माझं दुकान आहे आणि मी गल्ल्यावर बसलेय. बावीस वर्षं हॉस्पिटलात काढली, पेशंट उचलून उचलून पाठ गेली, तेव्हा हॉस्पिटल म्हणालं आता तुम्ही बसून काम करा, आणि बसायला खुर्ची काही दिली नाही, म्हणून बाहेर पडले. आता घरोघरी जाते. आणि कुणाकडे जाते? ज्यांच्या घरच्यांना डॉक्टर खांद्यावर हात ठेवून सांगतात ना, "आता घरीच न्या, त्यांना काय आवडतं ते खाऊ दे"... त्यांच्याकडे. हा डॉक्टरांचा आवाज एकदा ऐकला की समजायचं, आता सिस्टरला फोन येणार. त्यामुळे माझे पेशंट जातात. सगळे. बरा होऊन उठलेला असा एकच, आणि तो रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूला जातो. मला बघून त्याला कसंतरी होतं म्हणे!

तर टॅक्स. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सगळ्या घराला सल्ला द्यायला एकटे पुरतात. ते म्हणाले, "अगं वेडे, तू धंदेवाली बाई... म्हणजे व्यवसायवाली! कामाचे कपडे खर्चात दाखव की! वजावट मिळते. मी तर टायसुद्धा दाखवतो." आता भाऊजी टाय कधी लावतात ते मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही, पण बोलले एवढ्या आत्मविश्वासानं की मी दाखवले. दोन पांढरे गणवेश, चार एप्रन, मऊ तळाचे बूट आणि एक राखाडी ड्रेस. झालं! तीन आठवड्यांनी पत्र. "समक्ष हजर राहावे. मूळ पावत्या आणाव्यात."

वरच्या मजल्यावर नऊ नंबरची खोली. आत एक साहेब. चष्म्याला दोरी, दोरी गळ्यात, आणि बोलायची पद्धत अशी की शब्दांनाही भाडं पडतं. म्हणाले, "नियम सोपा आहे. जो कपडा कामाशिवाय बाहेर घालता येतो, तो खाजगी. जो येत नाही, तो कामाचा. आता एकेक घेऊ. गणवेश... बाहेर घालता येतो का?" म्हटलं, "नाही साहेब." "मंजूर." "एप्रन... बाहेर घालता येतो का?" म्हटलं, "साहेब, त्यावर काय काय सांडतं ते सांगू का?" "नको. मंजूर." मी म्हटलं वा, हा माणूस तर देव आहे. "बूट... बाहेर घालता येतात का?" आता बूट! म्हटलं, "साहेब, पेशंटच्या घरी मी उडत जाऊ का?" "म्हणजे येतात. नामंजूर." काट! तांबड्या पेननं. म्हटलं, बूट गेले तर गेले.

मग आला राखाडी ड्रेस. साहेबांनी पावती उलटीसुलटी केली. "हा कशासाठी?" म्हटलं, "अंत्यविधीसाठी." "कोणाच्या?" "पेशंटच्या." साहेबांनी चष्मा काढला, दोरीवर सोडला. "किती?" म्हटलं, "गेल्या वर्षी अकरा."

तुम्ही हसलात? हसा, हसा, साहेब नाही हसले.

अहो, जावं लागतं. सहा-सहा महिने ज्या माणसाला कुशीवर वळवलं, त्याला शेवटचं पोचवायला न जाता दुसऱ्या पत्त्यावर हजर व्हायचं? तसं करणाऱ्या आहेत, मी नाव ठेवत नाही, मला जमत नाही. आणि पूर्वी मी गणवेशातच जायची, ड्युटीवरून थेट. एकदा एका ठिकाणी उभी आहे, इकडे विधी चाललाय, आणि मागून एक काका हळूच मनगट पुढे करतात, "सिस्टर, आलाच आहात तर जरा नाडी बघा." त्यांची बघितली तर त्यांच्या मागे दोघं! रांगच लागली हो, मयत राहिलं बाजूला! पण तेही एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या एका घरची सून माझ्याजवळ आली, माझी बाही धरली आणि म्हणाली, "तुम्हाला या कपड्यांत बघितलं ना, की वाटतं सासरे अजून आत झोपलेत, आणि तुम्ही आत्ता सांगणार, हळू बोला." त्या दिवशी मी बाजारात गेले आणि राखाडी ड्रेस घेतला. साधा, पुढे दोन खिसे, कुणाचं लक्ष जाणार नाही असा.

साहेब म्हणतात, "ड्रेस साधा आहे. बाहेर घालता येतो का?"

म्हटलं, साहेब, या एकदा आमच्या गल्लीत! तो ड्रेस घालून मी दाराबाहेर पाऊल टाकलं की समोरच्या काकू गॅलरीतून विचारतात, "कोण गं?" गुड मॉर्निंग नाही, कुठे निघालीस नाही, थेट "कोण गं?" कोपऱ्यावरचा किराणावाला तराजू हातात तसाच धरून उभा राहतो. एकदा मी विसरून, खरंच विसरून, कपाट उघडलं आणि हाताला लागला म्हणून, तो घालून बहिणीच्या वाढदिवसाला गेले. भाऊजींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत ओरडले, "अगं, तुझी आई...!" आई आतच होती, केक खात होती. तिनं घास टाकला आणि स्वतःच्याच छातीला हात लावून बघितला! सांगा, हा ड्रेस बाहेर घालता येतो?

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही हो, वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. म्हणाले, "मुद्दा वेगळा आहे. अंत्यविधीला जाण्याची फी घेता?" म्हटलं, "शी!" "मग ते काम नाही. खाजगी." "खाजगी कसं? ते माझे पेशंट." "पेशंट होते. ते गेले तेव्हा काम संपलं. नंतर तुम्ही गेलात त्या तुमच्या भावनेनं." मग म्हणाले... तुम्हाला सांगते, बावीस वर्षं हॉस्पिटल आणि नऊ वर्षं हे, मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं... म्हणाले, "रडला होतात का?"

म्हटलं, "काय?"

"अंत्यविधीला. रडला असाल तर व्यक्तिगत. नसाल तर व्यावसायिक मानता येईल. सवलत म्हणून सांगतोय."

आता मी काय करावं? मी विचार करायला लागले! त्या खोलीत, पंख्याखाली, बोटांवर मोजायला लागले. टेलिफोन खात्यातले आजोबा... नाही, त्यांचे मुलगेच एवढे भांडत होते की रडायला वेळ मिळाला नाही. शिंपीणबाई... रडले. तो तरुण ड्रायव्हर, एकतीस वर्षांचा... रडले, खूप. अशी मोजत मोजत शेवटी म्हटलं, "साहेब, अकरापैकी चार." साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. "मग चार खाजगी, सात कामाचे. सात अकरांश ड्रेस मंजूर." म्हटलं, "सात अकरांश म्हणजे कुठपर्यंत, साहेब? कमरेपर्यंत की बाह्या धरून?" तरी हसले नाहीत! म्हणाले, "अकरा अंत्यविधींचा पुरावा जोडा. उद्या या."

आणि इथे, इथेच माझं नशीब फिरलं. कारण मी नर्स. आम्हाला पहिल्या वर्षापासून एकच घोकून घेतात, जे लिहिलं नाही ते केलं नाही. लघवी किती झाली ते लिहा, चादर कधी बदलली ते लिहा, पेशंटनं शिवी दिली तर तीही लिहा! त्यामुळे माझ्याकडे प्रत्येक पेशंटची फाइल, पहिल्या दिवसापासून शेवटच्या कागदापर्यंत. दुसरी एखादी बाई चार चिठ्ठ्या घेऊन गेली असती. मी रात्रभर... नाही हो, संध्याकाळीच, अर्ध्या तासात सगळं लावलं, अनुक्रमांक घातले, टाचण्या मारल्या आणि अकराच्या अकरा फायली साहेबांपुढे ठेवल्या. साहेबही खूश! "असं काम इथलेसुद्धा करत नाहीत," म्हणाले. आणि पानं उलटत उलटत सात नंबरवर थांबले.

सात नंबर म्हणजे बाई.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई, भूगोल शिकवायच्या, निवृत्त होऊन तेवीस वर्षं झालेली. लग्न केलं नाही, भाऊ होता तो आधीच गेला. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीतून समोर गोदामाची भिंत, आणि आत बाई, पलंगावर, पायांत मोज्यांचे तीन जोड. थंडी वाजायची त्यांना, बारा महिने. गरम पाण्याची पिशवी पोटाशी, आणि हातात पेन्सिल. मला गुण द्यायच्या! आंघोळ घातली की, "दहापैकी सहा. कानामागे राहिलं." पेज केली की, "दहापैकी पाच. मीठ तुमच्या घरी महाग आहे का?" आठ महिने होते मी तिथे. आठपेक्षा जास्त गुण कधी मिळाले नाहीत. मी चिडायचे हो, घरी येऊन बहिणीला सांगायचे, ही म्हातारी मला नापास करून मरणार!

आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी गेले की मला फ्रीजमध्ये ठेवणार नाहीत ना? कोणी नसलं की ठेवतात, मी ऐकलंय. तिथे फार गार असेल." मी उशी नीट करत होते, म्हटलं, "कोण ठेवतंय? मी आहे ना." तुम्हाला सांगते, हे "मी आहे ना" आम्ही दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. सुई टोचताना म्हणतो, भांडं देताना म्हणतो, तोंडाला सवयच असते. पण बाईंनी ते खरं धरलं. मान हलवली आणि झोपल्या. गेल्या त्या दिवशी सकाळी अंग पुसून दिलं, तर पुटपुटल्या, "दहापैकी नऊ." एक गुण कशाचा कापला ते विचारायचं राहिलं. दुपारी गेल्या.

अंत्यविधीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून, मान खाली, पेन हातात. "नातेवाईक?" म्हटलं, "कोणी नाही." "तुम्ही कोण?" "नर्स." "नर्सला ताबा देता येत नाही. नातेवाइकाची सही लागते. नाहीतर शवागार. पंधरा दिवस नोटीस लावतो, कोणी आलं नाही तर मग बघतो." म्हटलं, "पंधरा दिवस कुठे?" त्यानं भिंतीकडे बोट केलं. लोखंडी दार होतं. मी नुसता हात लावला दाराला.

आणि परत येऊन रजिस्टर पुढे ओढलं आणि "मृताशी नातं" असं जिथे होतं तिथे लिहिलं, मुलगी. कारकुनानं वर बघितलं. म्हणाला, "आत्ता नर्स म्हणालात." म्हटलं, "मुलगी नर्स असू शकत नाही का?" त्यानं शिक्का मारला. घरी जाऊन राखाडी ड्रेस घालून आले. मी, गाडीचा ड्रायव्हर आणि तो कारकून. तिघं. कारकूनसुद्धा जेवणाची सुट्टी होती म्हणून आला.

आणि त्या नोंदीची नक्कल मी, शहाणी, सात नंबरच्या फायलीला टाचून साहेबांसमोर ठेवली! जे लिहिलं नाही ते केलं नाही ना! लिहिलं, केलं, आणि टाचलंसुद्धा!

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "सिस्टर, या तुमच्या आई?" म्हटलं, "साहेब, त्याचं असं आहे..." म्हणाले, "आईची सेवा हा व्यवसाय होत नाही. या घरासाठी केलेला सगळा खर्च नामंजूर. आठ महिन्यांचे गणवेश, एप्रन, सगळं." म्हटलं, "मग त्या आठ महिन्यांची फी मिळाली ती?" "ते उत्पन्न. ते राहणार." ऐकताय ना? खर्च केला तो मुलीनं आणि कमावलं ते नर्सनं! म्हटलं, "साहेब, हा कुठला न्याय?" ते म्हणाले, "न्याय नाही, कलम आहे."

मग त्यांनी आवाज खाली घेतला. म्हटलं ना, माणूस वाईट नाही. म्हणाले, "एक मार्ग आहे. लिहून द्या की ती नोंद चुकीची आहे, तुम्ही मुलगी नाही. थोडा दंड होईल, पण सगळी वजावट परत मिळेल, सात अकरांश ड्रेससकट. मी तिकडे कळवतो, ते रजिस्टरमधली नोंद रद्द करतील." कागदही पुढे सरकवला. पेनसुद्धा दिलं. टोपण काढून!

मी पेन घेतलं. घेतलं, खोटं कशाला सांगू? त्या पैशात माझं चार महिन्यांचं खोलीचं भाडं निघतं, पाठीच्या गोळ्या निघतात. सही करणार, तेवढ्यात विचारलं, "साहेब, नोंद रद्द झाली की बाईंच्या नावापुढे काय येईल?"

त्यांनी नियम बघितला. पुस्तकातच बघितला, पान काढून. "बेवारस."

मी म्हटलं, "काय?"

"कोणी नातेवाईक नाही म्हटल्यावर तसाच शब्द आहे. नुसती नोंद हो, सिस्टर. त्यांना आता काय फरक पडतो?"

खरंय. काय फरक पडतो? माझा धंदाच तो, मला नाही माहीत? गेलेल्या माणसाला काही फरक पडत नाही, ना गारठ्याचा, ना शब्दाचा. एकतीस वर्षं मीच हे लोकांना सांगत आलेय. पण तुम्हाला सांगते, माझा हात पुढे सरकेना. मला त्या खोलीत एवढा राग आला, कोणावर ते कळेना, साहेबांवर, बाईंवर, स्वतःवर, त्या टोपण काढलेल्या पेनवर. त्या बाईनं माझ्या आंघोळी तपासल्या, माझं मीठ तपासलं, आणि जाताना माझ्या एका सवयीनं बोललेल्या वाक्यावर अख्खा भरवसा टाकला. आणि मी आता टॅक्सच्या कागदावर लिहून देऊ की ही बेवारस होती? मी होते ना तिथे! उभी होते! राखाडी ड्रेस घालून!

साहेब म्हणाले, "मग काय लिहू? नर्स की मुलगी?" म्हटलं, "लिहा मुलगी." "विचार करा. एकदा लिहिलं की..." म्हटलं, "लिहा हो!" लिहिलं. खाली मी सही केली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, आणि मला वाटलं, चला, गेले तेवढे पैसे गेले, सुटले. उठले. दारापर्यंत गेले. मागून आवाज, "सिस्टर, एक मिनिट... तुमच्या आईचं शेवटच्या वर्षाचं रिटर्न भरलेलं दिसत नाही. पेन्शन होती त्यांना. मयताचं रिटर्न वारसांनी भरायचं. तळमजला, डावीकडची खिडकी."

आत्ता तिकडूनच आले, हा बघा फॉर्म. खिडकीतली मुलगी गोड आहे, हसून बोलते. जन्मतारीख विचारली, मी धडाधडा सांगितली. वजन, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही, तेही सांगितलं, ती म्हणाली, "एवढं नको, ताई." माझ्या सख्ख्या आईची जन्मतारीख मला बहिणीला विचारावी लागते! मग ती म्हणाली, "काळजी करू नका, आजारपणाचा खर्च वजा होतो. नर्स ठेवली होती का? नर्सची फी तर पूर्ण वजा होते, टॅक्स जवळजवळ शून्यावर येईल." काय सांगू, मला एवढा आनंद झाला! म्हटलं, "ठेवली होती! आठ महिने! पावत्या आहेत!" काढून दिल्या. तिनं पावतीवरची सही बघितली. मग फॉर्मवरची बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, नर्स कोण?"

"मी."

"आणि मुलगी?"

"मीच."

"मग नाही चालणार हो. मुलीला दिलेले पैसे फी धरत नाहीत."

झालं! म्हणजे बघा, माझ्या रिटर्नमध्ये मी मुलगी, म्हणून खर्च नामंजूर. बाईंच्या रिटर्नमध्ये मी मुलगी, म्हणून फी नामंजूर. आणि दोन्हीकडचा टॅक्स भरायचा मी... पेन आहे का तुमच्याकडे? द्या जरा. भरून टाकते. भाऊजींना सांगितलं तर ते म्हणतील, वेडी आहेस, वर अर्ज कर, भांड. नाही भांडत. आईचं आजारपण म्हटलं की खर्च हा व्हायचाच.